जुना लॅपटॉप बीप करतो आणि सुरूच होत नाही: मदरबोर्ड गेला असे समजावे का?

खाडीकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मुलीने यंदा पदविकेला प्रवेश घेतला आहे. तिच्यासाठी मी गेल्या आठवड्यात मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून वापरलेला लॅपटॉप साडेचौदा हजार रुपयांना घेतला. कुठल्याशा कार्यालयातून एकगठ्ठा बाहेर पडलेल्या मशीनांपैकी तो एक आहे. प्रोसेसर इंटेलचा चौथ्या पिढीतला कोअर आय५, डिस्क एसएसडी आणि रॅम ८ जीबी. दुकानात त्यांनी तो माझ्यासमोर सुरू करून दाखवला, विंडोज उघडले, मी कीबोर्डाची एकेक कळ दाबून पाहिली, कॅमेरा आणि स्पीकर तपासले आणि मगच पैसे मोजले. रात्रीच्या गाडीने रत्नागिरीला परतलो, सकाळी मुलीने बटण दाबले, तर पडदा काळाच.

बटणाजवळचा दिवा लागतो, पंखा दोन-तीन सेकंद जोरात फिरतो आणि मग बीप वाजायला लागतात, ते बटण दाबून धरून बंद करेपर्यंत थांबतच नाहीत. चार्जर रात्रभर लावून पाहिला, प्लग बदलून पाहिला, बॅटरी काढून नुसत्या चार्जरवरही पाहिले, फरक शून्य. आमच्याकडच्या एका दुरुस्तीवाल्याने आवाज ऐकताक्षणीच 'मदरबोर्ड गेला' असे सांगून पाच हजारांचा अंदाज दिला. मुंबईच्या दुकानदाराने पंधरा दिवसांची टेस्टिंग वॉरंटी दिलेली आहे, पण तेवढ्यासाठी जाऊन-येऊन साडेसहाशे किलोमीटरांचा प्रवास आणि एक रजा खर्ची पडणार. मुंबई गाठण्यापूर्वी घरच्या घरी काही तपासता येईल का? कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण नाव लिहिले की चर्चा त्या कंपनीच्या बऱ्यावाईटावर जाते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

पेचकस

आपली भीती समजते, परंतु कंपनी न सांगता बीपचा अर्थ विचारणे म्हणजे गावाचे नाव न सांगता एसटीची वेळ विचारण्यासारखे आहे. बीपची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत नुसती संख्या मोजायची असते: दोन बीप म्हणजे रॅम सापडलीच नाही, चार म्हणजे रॅम सापडली पण तिच्यात वाचन-लेखन होत नाही, पाच म्हणजे घड्याळाचा सेल संपला, आठ म्हणजे पडद्यात दोष. थिंकपॅडच्या पुस्तिकांत रॅमसाठी 'एक, विराम, तीन, विराम, तीन आणि एक' असा ठेका दिलेला आढळतो. एचपीच्या अलीकडच्या मशीनांत दीर्घ आणि लघु आवाजांची जोडी असते. तिथे तीन दीर्घ आणि दोन लघु म्हणजे रॅम. त्यामुळे एका कंपनीची यादी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लावली, की चांगला भाग फेकून दिला जातो आणि वाईट तसाच राहतो. नाव लिहायचे नसेल तर लिहू नका, पण लॅपटॉपच्या पोटाखालच्या चिठ्ठीवरचा मॉडेल क्रमांक वाचून त्याची सेवा-पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. ती फुकट असते आणि तिच्यात बीपांचा तक्ता बहुधा असतोच.

त्याआधी बीप मोजा. 'थांबतच नाहीत' हे वर्णन पुरेसे नाही. सलग, घाईघाईने वाजणारे बीप असतील तर एखादी कळ दबून राहिलेली असू शकते, आणि ठरावीक संख्येनंतर थांबून पुन्हा तेवढेच वाजत असतील तर तो संकेत आहे. कानाने मोजताना पहिला बीप पंख्याच्या आवाजात हरवतो आणि माणूस एकाने चुकतो, हे मी स्वतः दोनदा केलेले आहे. मोबाइलवर अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण करा आणि ते शांतपणे दोन-तीन वेळा ऐका.

आता मदरबोर्डाविषयी. बटण दाबल्यावर बायोस (मदरबोर्डावरच साठवलेला, मशीन जागे करणारा कार्यक्रम) मशीनची तपासणी करते. तिच्यात रॅम सिद्ध करण्याचे काम अगदी सुरुवातीला येते आणि पडदा त्याच्या मागून येतो. म्हणून रॅमपाशीच गाडे अडले, तर मशीनला चूक पडद्यावर लिहून दाखवता येत नाही, आणि तोंड उघडायला एक छोटा स्पीकर तेवढा उरतो. ही पद्धत १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली आहे. त्यात सर्व ठीक असल्यास एकच लघु बीप वाजत असे. म्हणजे बीप वाजतो आहे, याचा अर्थ प्रोसेसर जागा आहे, बायोस वाचली जात आहे आणि मदरबोर्ड निदान तक्रार करण्याइतका तरी जिवंत आहे. खरोखर मेलेला मदरबोर्ड सहसा मुकाच असतो. आवाज ऐकून पाच हजार सांगणाऱ्या गृहस्थांना तूर्त नमस्कार करा.

जुनापुराणा

रॅमची पट्टी काढा, तिच्या कडेच्या सोनेरी दातांवर शाळेतला पांढरा खोडरबर फिरवा, परत बसवा. माझ्या वीस वर्षांच्या धंद्यात बीप करणाऱ्या दहांतल्या सात मशीना एवढ्यानेच उठून बसल्या आहेत. कोकणात तर जास्तच, कारण पावसाळ्यातली दमट हवा त्या दातांवर थर चढवते.

सुटा भाग

जुनापुराणा यांच्या अनुभवाला माझा विरोध नाही, पण खोडरबराविषयी थोडे सांगावेसे वाटते. खोडरबर थर काढतो हे खरे, मात्र त्याचबरोबर त्याचा चुरा रॅम बसते त्या खाचेत पडतो, घासताना स्थिर विद्युत तयार होते आणि दातांवरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असल्याने जोर लावल्यास तोही जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित ओलावलेले सुती कापड एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवले, तर तेच काम होते. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असते आणि ते चिकट राहते. माझ्या मते बऱ्याचदा मशीन जागे होते ते घासल्यामुळे नव्हे, तर रॅम काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. श्रेय मात्र खोडरबराला मिळते.

दुसरे असे, की झाकणाच्या एखाद्या स्क्रूवर दुकानाचे कागदी सील चिकटवलेले आहे का, ते आधी पाहा. असल्यास ते फाडण्यापूर्वी दुकानदाराला फोन करा आणि त्याची संमती संदेशात लेखी घ्या. अन्यथा उद्या 'तुम्ही उघडला होता' या एका वाक्यावर आपली वॉरंटी संपेल.

खाडीकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. मोजले. चार बीप, मग सुमारे दोन सेकंद शांतता, मग पुन्हा चार. पहिल्यांदा मी तीनच मोजले होते, पेचकस म्हणाले तेच झाले. मॉडेलची पुस्तिका मिळाली आणि तिच्यातही चार बीपांपुढे मेमरीचाच दोष लिहिलेला आहे. सील होते. दुकानदाराला फोन केला, तेव्हा 'उघडा, काही अडचण नाही, रॅम हलली असेल' असे तो म्हणाला आणि तसा संदेशही त्याने पाठवला.

रॅमचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो, जी आधी मला महत्त्वाची वाटली नव्हती. दुकानात दाखवला तेव्हा लॅपटॉपात ४ जीबीच रॅम होती. व्यवहार ठरल्यावर मी सहज म्हटले, की एवढ्यात मुलीचे भागणार नाही, तेव्हा मालकाने आठशे रुपये जास्त घेऊन कामावरच्या मुलाला आणखी एक ४ जीबीची पट्टी बसवायला सांगितले. त्याने ड्रॉवरमधल्या डब्यातून एक पट्टी काढली, झाकण उघडून दाबून बसवली, सील लावले आणि लॅपटॉप सरळ पिशवीत भरला. गाडीची वेळ झाली होती, म्हणून पुन्हा सुरू करून दाखवा असे मीही म्हटले नाही.

पेचकस

हे वाक्य आपल्या प्रश्नात पहिल्या ओळीत हवे होते! असो, आता काम निम्म्याहून सोपे झाले आहे, कारण शेवटचा बदल कोणता झाला ते कळले.

पुढील क्रमाने करा आणि घाई करू नका. चार्जर काढा, बॅटरी काढा, मग पॉवरचे बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. बॅटरी बाहेरून निघणारी नसेल तर झाकण उघडल्याबरोबर आधी तिची जोडणी मोकळी करा. नायलॉनचे किंवा टेरीकॉटचे कपडे अंगात असतील तर बदला, आणि रॅमला हात लावण्यापूर्वी खिडकीच्या लोखंडी गजाला किंवा धातूच्या नळाला स्पर्श करा. रॅमच्या दोन्ही बाजूंना धातूच्या लहान चिमट्या असतात. त्या बाहेरच्या दिशेने सरकवल्या, की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. ओढू नका, ती स्वतः वर येते. दोन्ही पट्ट्या काढा आणि त्यांचे फोटो घ्या.

मग एका वेळी एकच पट्टी लावून पाहा. जी मूळची होती ती आधी, पहिल्या खाचेत. बसवताना पट्टी साधारण तीस अंशांच्या कोनात तिरकी धरून दात पूर्ण आत जाईपर्यंत सारा आणि मगच खाली दाबा. दोन्ही बाजूंचा 'टक्' आवाज यायला हवा. सोनेरी दातांची रुंद पट्टी अजून बाहेर दिसत असेल, तर ती बसलेली नाही. अर्धवट बसलेली रॅम खाली दाबली तरी चिमट्यांत अडकते आणि वरून सगळे ठीक दिसते, हाच धोका आहे. पहिल्या खाचेत मूळ पट्टी, मग दुसऱ्या खाचेत मूळ पट्टी, मग हेच दोन प्रयोग नव्या पट्टीने. चारही उत्तरे लिहून ठेवा. दोष पट्टी बदलल्यावर बदलत असेल तर तो पट्टीचा, आणि खाच बदलल्यावर बदलत असेल तर तो खाचेचा किंवा मदरबोर्डाचा.

आणि प्रयोग सुरू करण्यापूर्वी दोन्ही पट्ट्यांवरची चिठ्ठी अक्षर न अक्षर वाचून इथे लिहा. आपला प्रोसेसर चौथ्या पिढीतला आहे, त्यामुळे मला एक शंका आहे, पण चिठ्ठी पाहिल्याखेरीज ती बोलून दाखवत नाही.

खाडीकाठ (प्रश्नकर्ता)

काल रात्री जेवणानंतर टेबलावर जुनी चादर पसरून बसलो. मुलगी मोबाइलचा दिवा धरून होती. झाकण निघाले, तेव्हा दोन्ही पट्ट्या एकीवर एक अशा पायऱ्यांसारख्या दिसल्या. खालची मूळची, वरची नवी. नव्या पट्टीच्या चिमट्या नीट लागलेल्या होत्या आणि दातही आत होते, म्हणजे त्या मुलाने ती चुकीची बसवली नव्हती.

मूळ पट्टी एकटी लावली: दोन्ही खाचांत लॅपटॉप सुरू झाला. पहिल्या खेपेला पडदा उजळायला जवळपास अर्धा मिनिट लागले आणि तेवढ्या वेळात मी दोनदा बटणाकडे हात नेला. नवी पट्टी एकटी लावली: दोन्ही खाचांत चार बीप.

चिठ्ठ्या अशा आहेत. मूळ पट्टी: '४ जीबी १आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस'. नवी पट्टी: '४ जीबी २आरएक्स८ पीसी३-१२८००एस'. नव्या पट्टीवर अर्ध्या भागात दुसऱ्या कुणाचे तरी वॉरंटीचे गोल स्टिकर चिकटलेले होते आणि हा मजकूर त्याच्या खाली होता. नखाने खरवडला तेव्हा वाचता आला. पट्ट्या ठेवून पाहिल्या तर लांबी, दात आणि दातांच्या मधली खाच अगदी सारखी आहे. फरक मला फक्त 'एल' या एका अक्षराचा आणि १आर-२आरचा दिसतो. यांपैकी दोष कशात?

पेचकस

'एल'मध्ये. हीच शंका होती.

१आर आणि २आर हे पट्टीवरच्या चिपांची मांडणी एका गटात आहे की दोन, ते सांगतात. आपल्या मशीनला दोन्ही चालतात. १२८०० हा वेगाचा आकडा आहे, म्हणजे सेकंदाला १२,८०० मेगाबाइट. तोही दोन्हींवर सारखाच आहे. शेवटचा 'एस' म्हणजे लॅपटॉपची आखूड पट्टी. परंतु पीसी३ ही पट्टी १.५ व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेली असते आणि पीसी३एल ही १.३५ व्होल्टवर. इंटेलच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच्या लॅपटॉपांत १.५ व्होल्टची रॅम चालत असे. चौथ्या पिढीपासून लॅपटॉपच्या प्रोसेसरांना डीडीआर३एल (चिठ्ठीवर पीसी३एल), म्हणजे १.३५ व्होल्टचीच रॅम लागते, आणि मदरबोर्ड खाचेला तेवढाच विद्युतदाब पुरवतो. ज्या चिपांना दीड व्होल्ट हवेत त्यांना कमी मिळाले, त्या विश्वासाने उत्तर देईनात आणि तपासणी तिथेच अडली. दोन्ही प्रकारांना २०४ दात आहेत आणि मधली खाच एकाच जागी आहे, म्हणून ती पट्टी कुणालाही, अगदी सफाईने, बसवता येते. त्यानंतरच्या पिढीची, डीडीआर४ रॅम असती तर ती खाचेत गेलीच नसती आणि चूक दुकानातच उघडकीस आली असती.

उलट दिशेने मात्र अडचण येत नाही. 'एल' असलेली पट्टी बहुतेक वेळा जुन्या, दीड व्होल्टच्या मशीनमध्येही चालते. म्हणून ज्या दुकानात दोन्ही पिढ्यांचा माल एकाच डब्यात असतो, तिथे ही गल्लत वारंवार होते. शिवाय काही पट्ट्या कमी दाबावरही कशाबशा चालून जातात, त्यामुळे 'आम्ही नेहमी हीच लावतो' असे दुकानदार म्हणाला, तर तो खोटे बोलत असेलच असे नाही. तशी चाललेली पट्टी मात्र मला न चालणाऱ्या पट्टीपेक्षा वाईट वाटते. ती महिनाभर काम करते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री विंडोज बंद पडल्याचा निळा पडदा दाखवते.

आपल्या मशीनचे यात काही नुकसान झालेले नाही. जास्त दाब मिळाला असता तर प्रश्न होता. इथे कमी मिळाला.

जुनापुराणा

माझा खोडरबर इथे हरला, हे मान्य करतो. पीसी३ आणि पीसी३एलचा डबा मी वेगळा ठेवतो, पण चिठ्ठीवर दुसऱ्याचे स्टिकर असले तर माझ्याही हातून हे झाले असते. पट्टी परत करताना स्टिकर खरवडल्याबद्दल दुकानदार कुरकुर करील. त्याला फोटो आधी पाठवा आणि 'पीसी३एलच हवी' हे शब्द संदेशात लिहा, 'दुसरी रॅम पाठवा' एवढेच लिहू नका.

सुटा भाग

बदललेली पट्टी आल्यावर नुसता लॅपटॉप सुरू झाला म्हणून थांबू नका. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा मोफत कार्यक्रम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. किमान दोन पूर्ण फेऱ्या होऊ द्या. एकही चूक निघता कामा नये; 'एक-दोन चुका चालतात' असे रॅमच्या बाबतीत नसते. चाचणीच्या वेळी लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालची हवा कोंडते.

खाडीकाठ (प्रश्नकर्ता)

दुकानदाराने फोटो पाहून चूक लगेच मान्य केली आणि मुंबईहून गावी येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती पीसी३एल पट्टी पाठवली. जुनी त्याच्याच हाती परत गेली. रात्री साडेदहाला मेमटेस्ट लावली, सकाळी सहाला पाहिले तर चौथी फेरी चालू होती आणि चुकांच्या रकान्यात शून्य होते. विंडोजमध्ये आता ८ जीबी दिसते.

एकच नवी अडचण उरली आहे. चार्जर काढून ठेवला आणि बॅटरी बाहेर काढली, की दर वेळी तारीख मागे जाऊन २०१३ सालातली होते. त्यामुळे आज महाविद्यालयाचे प्रवेशाचे पान उघडताना ब्राउझरने 'जोडणी सुरक्षित नाही' असे सांगून अडवले; तारीख हाताने दुरुस्त केल्यावर ते उघडले. याचा रॅमशी काही संबंध आहे का?

पेचकस

रॅमशी नाही. मदरबोर्डावर घड्याळ चालू ठेवणारा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल असतो आणि दहा-अकरा वर्षांत तो संपणे साहजिक आहे. मोठी बॅटरी लावलेली असेपर्यंत घड्याळाला वीज मिळत राहते, म्हणून एरवी ते लक्षात येत नाही. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात; २०१३ च्या हिशेबाने आजचे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नाही, म्हणून ब्राउझर अडून बसला.

पुस्तिकेत सेलची जागा पाहा. काही लॅपटॉपांत तो साध्या घरात बसवलेला असतो, तेव्हा सीआर२०३२ हा क्रमांक सांगून घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पण पुष्कळ लॅपटॉपांत तो काळ्या किंवा पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला, दोन बारीक तारा आणि छोटा प्लग असलेला असतो. तसा असेल तर तारांसकटच तयार घ्या. साध्या सेलवर तारा डाग देऊन चिकटवू नका, सेल तापून फुटू शकतो. काढण्यापूर्वी लाल तार प्लगच्या कोणत्या बाजूला आहे त्याचा फोटो घ्या, कारण बाहेरून मिळणाऱ्या काही सेलांत त्या तारा उलट लावलेल्या असतात.